औषधाच्या दाण्यांचे वाळवण

दोन नरसाळी घ्या. एकात मैदा भरा आणि दुसऱ्यात बारीक रवा. रवा सरसर खाली येईल. मैदा मात्र नरसाळ्याच्या गळ्याशी कमान करून बसेल. टिचकी मारली की एखादे ढेकूळ पडेल आणि पुन्हा सगळे अडेल. दोन्ही पदार्थ गव्हाचेच, त्यांचे रासायनिक घटकही जवळजवळ तेच. फरक आहे तो कणांच्या आकाराचा. मैद्याचे कण इतके लहान असतात, की त्यांच्या वजनापेक्षा त्यांच्यातील परस्परांना चिकटण्याचे बल वरचढ ठरते. वर्गात पाच मिनिटांत दाखवता येईल अशी ही गोष्ट; पण औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रांवर होणाऱ्या खर्चाचा बराच मोठा भाग याच एका कारणासाठी होत असतो.

गोळ्या पाडणारे यंत्र पावडर तोलत नाही, मापट्याने मापावी तशी मापते. फिरत्या चकतीवर गोल साचे असतात. साचा पावडरीखालून जाताना भरतो, जादाची पावडर वरून खरवडली जाते आणि मग वरचा व खालचा पंच मिळून ती दाबून गोळी तयार करतात. चकतीवर ४५ साचे असले आणि ती मिनिटाला ४० फेरे घेत असली, तर मिनिटाला १८०० गोळ्या पडतात, म्हणजे सेकंदाला ३०. इतक्या घाईत प्रत्येक साचा सारखाच भरायचा, तर पावडर रव्यासारखी वाहिली पाहिजे. भारतीय औषधसंहितेचा नियम असा, की २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जड गोळीचे वजन सरासरीपासून ५ टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये. तपासलेल्या २० गोळ्यांपैकी फार तर दोघींना ही मर्यादा ओलांडण्याची मुभा आहे, आणि तीही दुपटीपर्यंतच.

दुसरी अडचण मिश्रणाची. चिवड्याचा डबा चार दिवस हाताळला, की शेंगदाणे वर येतात आणि मीठमसाला तळाशी जातो. औषध आणि त्यात मिसळलेले लॅक्टोज, स्टार्च यांचे कण वेगवेगळ्या आकाराचे असले, तर पिंपातही हेच होते. थायरॉक्सिनच्या एका गोळीत औषध असते फक्त ५० मायक्रोग्रॅम. गोळीचे वजन १०० मिलिग्रॅम धरले, तर दोन हजार भागांत एक भाग औषध. हा एक भाग ‘तळाशी’ गेला, तर पहिल्या हजार गोळ्या घेणाऱ्याला औषध पोहोचणार नाही आणि शेवटच्या हजार घेणाऱ्याला ते जास्त होईल.

तिसरी गोष्ट म्हणजे काही पदार्थ नुसत्या दाबाने जमतच नाहीत. पॅरासिटामॉलचे स्फटिक दाबून गोळी केली, की तिची वरची टोपी निघून येते. नुसत्या दाबाने गोळी बनवण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॉकडन यांनी १८४३ साली घेतले. त्यात औषधी गोळ्यांच्या जोडीला पेन्सिलीचे शिसे, म्हणजे ग्रॅफाइट, हेही होते. एकाच युक्तीने दोन्ही जमली खरी, पण औषधांच्या बाबतीत ती जमवणे पुढे बरेच अवघड ठरत गेले.

या तिन्ही अडचणींवर जुना उपाय एकच: मैद्याचा रवा करायचा. म्हणजे बारीक पावडर ओलवून तिचे अर्धा-एक मिलिमीटरचे दाणे बांधायचे. प्रत्येक दाण्यात औषध आणि इतर घटक ठरलेल्या प्रमाणात अडकून राहतात, दाणे छान वाहतात आणि दाबले की एकमेकांना धरतात.

ओलावा जोडतो, पण राहू देत नाही

दिवाळीत किल्ला करणाऱ्या कोणत्याही मुलाला दाणे बांधण्याचे शास्त्र ठाऊक असते. कोरड्या वाळूचा बुरूज होत नाही. थोडे पाणी शिंपडले की कणांच्या बेचक्यांत पाण्याचे इवलेसे पूल तयार होतात आणि पृष्ठीय ताणामुळे ते कणांना जवळ ओढून धरतात. पाणी वाढवत गेलो, की पूल एकमेकांना मिळतात आणि सगळ्या पोकळ्या पाण्याने भरू लागतात. इथवर पकड वाढतच असते. आणखी पाणी घातले, की बुरूज ढासळतो आणि उरतो तो चिखल. औषधाच्या पावडरीचेही तसेच आहे. फक्त नुसत्या पाण्याऐवजी तिथे स्टार्चची खळ किंवा पॉलिव्हिनिल पायरोलिडोन या चिकट पदार्थाचे द्रावण वापरतात. पाण्याचे पूल वाळले, की त्यांच्या जागी चिकटद्रव्याचे घट्ट पूल उरतात.

हे ओलवण्याचे काम हल्ली बहुतेक ठिकाणी ‘रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटर’मध्ये होते. कारखान्यात त्याला नुसते ‘आरएमजी’ म्हणतात. भले मोठे पातेले, तळाशी फिरणारे रुंद पाते आणि बाजूने घुसवलेला छोटा वेगवान चॉपर. पाते पावडर घुसळते, चॉपर मोठी ढेकळे फोडतो. पंधरा-वीस मिनिटांत ओले दाणे तयार.

खरी अडचण त्यापुढे सुरू होते. २०० किलो पावडरीत साधारण ४० किलो पाणी गेलेले असते. ते जवळजवळ सगळे परत काढायचे आहे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ४० किलोला ९६,००० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या मीटरवर जवळपास २७ युनिट. आकडा फार मोठा नाही. पण प्रश्न उष्णता किती लागते हा नाहीच. ती त्या ओल्या दाण्यांपर्यंत पोहोचवायची कशी, हा आहे.

सर्वांत जुनी तऱ्हा वाळवणासारखी. ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर पसरायचा आणि गरम हवेच्या कपाटात ठेवायचा. रात्र उलटून जाते. शिवाय भिंतीला लोणा लागतो तसा एक दोष येतो: पाणी वरच्या पृष्ठभागाकडून उडत असल्याने विरघळलेले पदार्थ त्याच्याबरोबर वर येतात आणि तिथेच साचतात. रंगीत गोळ्यांवर ठिपके दिसतात ते बऱ्याचदा यामुळे. रंग निदान दिसतो. विरघळणारे औषध असे सरकले तर डोळ्यांना काहीच दिसत नाही.

दुसरी तऱ्हा ‘फ्लुइड बेड ड्रायर’ची, म्हणजे ‘एफबीडी’ची. तळाला बारीक जाळी असलेल्या पात्रात दाणे भरून खालून गरम हवा सोडतात. हवेचा वेग पुरेसा झाला, की दाणे उचलले जातात आणि उकळत्या पाण्यासारखे खळखळू लागतात. प्रत्येक दाण्याभोवती आता स्वतंत्रपणे हवा वाहते. याचा अर्थ काय ते आकड्यात पाहू. २०० किलो दाण्यांचे प्रत्यक्ष आकारमान सुमारे ०.१५ घनमीटर. दाणे अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे गोल मानले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ येते सुमारे १८०० चौरस मीटर. म्हणजे अठरा गुंठे जमीन! (गोलाचे पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे सहा भागिले व्यास, मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे.) अठरा गुंठ्यांवर पसरलेले ४० किलो पाणी तासाभरात उडाले, तर नवल ते काय?

आणि हवा ६० अंश सेल्सियसची असली, तरी ओला दाणा तेवढा तापत नाही. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने, बाष्पीभवन जोरात चालू आहे तोवर, दाणा तिशीच्या आसपास राहतो. पृष्ठभागावरचे पाणी संपले आणि आतले हळूहळू बाहेर झिरपू लागले, की दाण्याचे तापमान चढू लागते. ही चढण हीच वाळल्याची खूण.

एका जुलैतील फजिती

मी पदवीनंतर काही काळ एका औषध कारखान्यात काम केले. जुलै महिना. आरएमजीमधून ओले दाणे काढून एफबीडीच्या पात्रात भरले आणि वीज गेली. ती आली दोन तासांनी. तोवर पात्रातील ओला माल स्वतःच्या वजनाने दबून बसला होता. यंत्र चालू केल्यावर हवा त्यात चार-पाच भोके पाडून निघून जाऊ लागली. मग फावड्याने ढेकळे फोडली, पुन्हा हवा सोडली. तासाभराने नमुना काढून ओलावा तपासला: २ टक्के. अगदी हवा तसा. मी समाधानाने सही केली.

दुसऱ्या दिवशी गोळ्या पंचाला चिकटू लागल्या. कारण शोधायला दोन दिवस गेले, आणि सापडले ते माझ्या आईने पहिल्या वाक्यात सांगितले असते. सांडगे बाहेरून वाळलेले दिसतात आणि डब्यात भरल्यावर आतल्या ओलाव्याने त्यांना बुरशी येते. मी नमुना घेतला होता तो सहज हाताला लागलेल्या बारीक, कोरड्या दाण्यांचा. ढेकळांतून आलेले मोठे दाणे आतून ओलेच होते. ते पुढे दळले गेले आणि आतला ओलावा सगळ्या मालात पसरला. तो सबंध घाणा टाकून द्यावा लागला.

यात आरएमजीचा दोष नव्हता, एफबीडीचाही नव्हता. दोष होता तो दोन यंत्रांच्या मधल्या जागेत. फावडे, उघडे पात्र, थांबलेला माल, जुलैची हवा. स्वतंत्र यंत्रे नकोत, एकाच बंदिस्त यंत्रात ओलवणे आणि वाळवणे दोन्ही व्हावे, हा विचार अशा अनुभवांतूनच पुढे आला.

‘एकत्रित’ म्हणजे नेमके काय?

कोकणपट्टीत छोटा कारखाना चालवणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राने अलीकडे मला विचारले, ‘‘अरे, नवी यंत्रे घ्यायची आहेत. आरएमजी आणि एफबीडी वेगवेगळे घेऊ, की एकत्रित घेऊ?’’ त्याच्यासमोर तीन माहितीपत्रके होती. तिन्हींवर ‘इंटिग्रेटेड’ हाच शब्द होता आणि तिन्ही यंत्रे एकमेकांशी सोयरीक नसलेली होती. शब्दाने केलेली ही दिशाभूल आधी दूर करायला हवी.

पहिले यंत्र ‘सिंगल पॉट’. आम्ही गमतीने त्याला ‘एकपात्री’ म्हणतो. आरएमजीच्याच पातेल्याला झाकण घट्ट बसवतात, बाहेरून गरम पाण्याचे वेष्टन देतात आणि आतली हवा पंपाने ओढून घेतात. दाब कमी झाला की पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर. तो ५५ मिलिमीटरवर आणला तर पाणी ४० अंशांना उकळते आणि ३२ वर आणला तर ३० अंशांना. वर्गात हे दाखवायला मोठी, सुई नसलेली सिरिंज पुरे. तिच्यात थोडे गरम, साधारण ६० अंशांचे पाणी ओढून घ्या, आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे खेचा. हातातल्या पाण्याला उकळी फुटेल. (पाणी याहून गरम नको, बोट आपलेच असते.)

सुचायला किती सुंदर, नाही का? माल हलवायचा नाही, उष्णतेने बिघडणारे औषध तापवायचे नाही, धूळ उडू द्यायची नाही. मग सगळ्यांनी एकपात्रीच का घेऊ नये?

कारण ते अठरा गुंठे आता हातचे गेले. निर्वातात उष्णता वाहून आणायला हवाच नाही. उष्णता येणार ती पातेल्याच्या भिंतीतून. ६०० लिटरच्या पातेल्यात मालाला टेकलेली भिंत आणि तळ मिळून असतो दोन-अडीच चौरस मीटर. कुठे अठराशे आणि कुठे अडीच! म्हणून एफबीडीत तासात होणाऱ्या कामाला इथे तीन तास लागू शकतात.

शिवाय प्रयोगशाळा इथे हमखास फसवते. १० लिटरच्या पात्रात हेच वाळवण पाऊण तासात झालेले असते. पात्र ६० पट मोठे केले, की त्याची लांबी-रुंदी वाढते सुमारे चौपट आणि पृष्ठफळ साधारण पंधरा पट. माल साठपट, भिंत पंधरापट. प्रत्येक किलोच्या वाट्याला पूर्वीच्या पावपट भिंत आली, म्हणून वेळ चौपट. नववीतल्या घनफळाच्या धड्याचा याहून महागडा उपयोग मला ठाऊक नाही.

यावर एक तोड म्हणजे मायक्रोवेव्ह. आपल्या स्वयंपाकघरातील भट्टीच्याच २४५० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरी पातेल्यात सोडायच्या. त्या पाण्याच्या रेणूंना हलवतात, म्हणजे उष्णता भिंतीवाचून थेट ओलाव्यात निर्माण होते. लॅक्टोज, स्टार्च हे कोरडे पदार्थ त्या मानाने कमी तापतात. ही तोड चांगली आहे पण महाग. आणि पाणी संपत आले की लहरींना शोषायला दुसरे काही उरत नाही, मग औषधच तापू लागते. तेव्हा शेवटी शेवटी फार जपावे लागते. आणखी एक बारीकशी कटकट आहे. माल सगळीकडे सारखा वाळावा म्हणून पाते अधूनमधून फिरवावे लागते आणि वाळलेले दाणे त्याखाली फुटून पुन्हा पीठ होऊ लागतात. म्हणून काही यंत्रांत पाते न फिरवता पातेलेच पाळण्यासारखे झुलवतात.

आता पाळीचे गणित करू. आठ तासांची पाळी. स्वतंत्र यंत्रांत ओलवायला २० मिनिटे, वाळवायला ६०. पहिला घाणा ८० मिनिटांनी बाहेर पडतो. पण तो वाळत असताना पुढचा ओलवून तयार ठेवता येतो, त्यामुळे यानंतर दर तासाला एक घाणा. ४४० मिनिटांत सात घाणे होतात. पोळपाटावर एक पोळी लाटत असताना तव्यावर दुसरी भाजली जाते तसेच हे. एकपात्रीत २० अधिक १८० मिनिटे, आणि तोवर पातेले अडकलेले. पाळीत दोन घाणे. वर्षभर पॅरासिटामॉलच बनवणाऱ्याने एकपात्री घेणे म्हणजे तव्यावरच पोळी लाटायला बसणे.

पण हेच गणित धुण्यापाशी उलटते. एक औषध संपवून दुसरे घ्यायचे, तर आधीच्याचा मागमूस राहता कामा नये. स्वतंत्र व्यवस्थेत आरएमजी, ओली चाळणी, एफबीडी, त्याच्या कापडी पिशव्या आणि मधली सगळी भांडी धुवावी लागतात. एकपात्रीत एकच पातेले, आणि तेही बऱ्याचदा बंद ठेवूनच धुता येते. रोज नवे औषध लागणाऱ्या छोट्या कारखान्यात यंत्र चालण्यापेक्षा धुण्यातच अधिक वेळ जातो. तिथे दोन घाण्यांचे यंत्र सात घाण्यांच्या यंत्राला भारी पडू शकते.

काही मालांना तर पर्यायच नसतो. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी घ्या. तिच्यात सायट्रिक आम्ल आणि खायचा सोडा शेजारी शेजारी असतात. ओलवले की अभिक्रिया सुरू होते, अभिक्रियेतून पाणी बाहेर पडते आणि ते पाणी पुढच्या अभिक्रियेला चालना देते. क्षणभर ओलवून दाणे बांधायचे आणि लगेच निर्वात करून पाणी ओढून घ्यायचे, म्हणजे अभिक्रिया जागच्या जागी थांबते. असा माल फावड्याने दुसऱ्या यंत्रात भरत बसलो, तर गोळी ग्लासात फसफसण्याऐवजी कारखान्यातच फसफसून जाईल. पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे लागते तिथेही बंद पातेले बरे. हवेत त्याची वाफ सुमारे २ टक्के झाली, की एक ठिणगी पुरते. एफबीडीत वेगाने घासणारे कोरडे दाणे स्थिर विद्युत निर्माण करतात आणि कापडी पिशव्या ती साठवतात. पिशव्यांना जमिनीशी जोडणारी तार नीट बसली आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच जिवाशी संबंधित काम आहे.

आणि एक गोष्ट गोळी घेणाऱ्याची नव्हे, ती बनवणाऱ्याची. १९७० च्या दशकात पोर्तो रिको बेटावरील गर्भनिरोधक गोळ्यांच्या कारखान्यातील पुरुष कामगारांचे स्तन वाढल्याचे आणि स्त्री कामगारांना पाळीच्या मधल्या काळात रक्तस्राव होत असल्याचे आढळले. चौकशीत कारण निघाले हवेत उडणारी आणि अंगावर बसणारी इस्ट्रोजेनयुक्त धूळ. गोळीत हे औषध मायक्रोग्रॅममध्ये असते. मालाचे पात्र उघडून दुसरीकडे रिकामे करणाऱ्याच्या श्वासात किती जात असेल? हार्मोन आणि कर्करोगावरील औषधांसाठी पाळीचे गणित मांडूच नये. तिथे बंद यंत्रच हवे.

दुसरे आणि तिसरे ‘एकत्रित’

दुसऱ्या माहितीपत्रकातील यंत्र एफबीडीसारखेच होते, मात्र वर फवारा बसवलेला. कोरडी पावडर हवेत तरंगत ठेवायची, वरून चिकटद्रव्याचे तुषार सोडायचे आणि त्याच हवेने लगोलग वाळवत राहायचे. हवेवर तरंगणाऱ्या औषधी कणांवर लेप देण्याचे तंत्र अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेल वुर्स्टर यांनी १९५० च्या दशकात विकसित केले आणि लवकरच ते दाणे बांधण्यासाठीही वापरात आले. यात पात्याचा मार नसल्याने दाणे सच्छिद्र आणि हलके होतात, गोळी पाण्यात चटकन विरते. अठरा गुंठेही शाबूत राहतात.

मात्र हे यंत्र हवेच्या मर्जीवर चालते. २०० किलोच्या घाण्याचे ४० किलो पाणी न्यायला, ६० अंशांची हवा ३० पर्यंत थंड होते असे धरले, तर सुमारे ३२०० किलो हवा लागते. म्हणजे २७०० घनमीटर. आठ बाय सहा मीटरच्या, तीन मीटर उंच अशा अठरा-एकोणीस वर्गखोल्या भरून हवा. ही हवा येते बाहेरून. हिवाळ्यात २० अंश तापमान आणि ४० टक्के सापेक्ष आर्द्रता असली, तर एक किलो हवेत सुमारे ६ ग्रॅम बाष्प असते. कोकणातल्या पावसाळ्यात ३० अंश आणि ९० टक्के असताना ते २४ ग्रॅमच्या पुढे जाते. दोन्ही हवा ६० अंशांपर्यंत तापवल्या, तर ओला दाणा हिवाळ्यात २५ अंशांवर स्थिरावतो आणि पावसाळ्यात ३४ वर. हवा आणि दाणा यांच्यातला फरक ३५ अंशांवरून २६ वर आला, वाळायचा वेळ सव्वापटीहून अधिक झाला. वाळवणाला उशीर झाला तर निदान थांबता येते. पण फवारा चालू असताना वाळणे मंदावले, तर दाणे जास्त ओले राहून मोठे होत जातात. डिसेंबरात ठरवलेली कृती जुलैत वेगळेच दाणे देते. यावर इलाज म्हणजे हवा आधी गार करून तिच्यातले पाणी काढून टाकायचे आणि मग ती तापवायची. माहितीपत्रकात ही यंत्रणा ‘ऐच्छिक’ या सदरात होती. ते छापणारा माणूस बहुधा पावसाळ्यात कोकणात आलेला नसावा.

तिसरे यंत्र खरे तर दोनच यंत्रे होती, पण नळीने जोडलेली. वर आरएमजी, खाली एफबीडी, मध्ये बंद नळी आणि ओली चाळणी. माल गुरुत्वाने किंवा पंपाच्या ओढीने आपोआप उतरतो. फावडे गेले, उघडे पात्र गेले, आणि पोळपाट-तव्याची सोय मात्र राहिली. धुणे तेवढे कमी होत नाही. नळीचे बाक ही नवी डोकेदुखीच.

याहून पुढची पायरी म्हणजे घाणा ही कल्पनाच सोडून देणे. जुळ्या मळसूत्रांच्या यंत्रात एका टोकाने पावडर आणि द्रव सतत घालायचे. काही सेकंदांत दुसऱ्या टोकाने ओले दाणे बाहेर पडतात आणि खणांत विभागलेल्या फ्लुइड बेडमध्ये थोडे थोडे वाळत राहतात. माल जास्त हवा असेल तर पात्र मोठे करायचे नाही, यंत्र जास्त वेळ चालवायचे. साठपट माल आणि पंधरापट भिंत हा घोळ इथे उद्भवतच नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगावरील ऑर्काम्बी या सतत पद्धतीने बनणाऱ्या नव्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली मान्यता दिली. या पद्धतीसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वीकारली गेली. क्षणोक्षणी ओलावा आणि औषधाचे प्रमाण मोजणारी उपकरणे मात्र यंत्राइतकीच महत्त्वाची आणि महागडी असतात. माझ्या मित्राच्या आवाक्यात हे नव्हते आणि त्याला गरजही नव्हती.

त्याच्याशी बोलताना मी यंत्रांबद्दल काहीच न विचारता त्याच्या वर्षभराच्या मालाची यादी मागितली. अकरा औषधे होती. त्यांपैकी दोनच औषधे वर्षाचा तीन चतुर्थांश माल व्यापत होती, दोन्ही पाण्याने ओलवायची आणि उष्णता सोसणारी. उरलेल्या नऊंत एक हार्मोन होते, वर्षातून चार घाणे. त्याने नळीने जोडलेली जोडी घेतली, हवा कोरडी करण्याची यंत्रणा पहिल्या दिवसापासून बसवून. हार्मोनची गोळी त्याने बनवायचे सोडून दिले आणि ती मागणी बंद एकपात्री यंत्र असलेल्या दुसऱ्या कारखान्याकडे वळवली. ओलावा तपासायचा नमुना मात्र तो अजून पात्राच्या तीन ठिकाणांहून काढतो, आणि त्यात मुद्दाम मोठे दाणे वेचून घालतो.